नाही असं नाही

मास्तरच्या दुकानात भिंतीला तीन फळ्या होत्या आणि त्या फळ्यांवर एकोणचाळीस माणसांचे पाय होते. लाकडी. टाचा भिंतीकडे, बोटं बाहेर, डावा-उजवा, डावा-उजवा असे ओळीनं मांडलेले. नवीन माणूस आत आला की आधी दचकायचा, मग हसायचा, मग विचारायचा, ही सगळी तुमची गिऱ्हाइकं का? मास्तर म्हणायचा, नाही, ही गेलेली. त्यावर तो बिचारा चेहरा पाडायचा. मग मास्तरला खुलासा करावा लागायचा की तशी गेलेली नव्हेत हो, चांगली धडधाकट आहेत, बाजारात दिसतात. फक्त मी समोरून आलो की पलीकडच्या फुटपाथवर जातात.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. बूट करणारा. दुकानातले तयार बूट ज्यांच्या पायाला होत नाहीत, त्यांचे बूट. एक पाय आखूड, अंगठ्याच्या मुळाशी लिंबाएवढं टेंगूळ, बोटावर बोट चढलेलं, साखरेच्या आजारानं बधिर झालेले तळवे, असले पाय. अशा पायाला बूट करायचा तर आधी त्या पायाचा लाकडी जुळा भाऊ तयार करावा लागतो. त्याला फर्मा म्हणतात. चामडं त्या फर्म्यावर ताणायचं, ठोकायचं, वाळू द्यायचं. मग फर्मा काढून घ्यायचा आणि त्या जागी माणसानं आपला पाय घालायचा. एक जोड फर्मे कोरायला तीन दिवस लागतात. पटाशी, कानस, काचकागद, आणि मधूनमधून डोळे मिटून लाकडावरून अंगठा फिरवायचा, कारण डोळे खोटं बोलतात, असं मास्तरचा बाप म्हणायचा.

बाप आणखी एक गोष्ट सांगून गेला होता. गिऱ्हाइकाच्या हातात त्याचा लाकडी पाय ठेवल्याशिवाय किमतीचं बोलायचं नाही. बापाच्या काळात ते ठीक होतं. ज्या पायाला माणसानं जन्मभर मोज्यात लपवलं, तो कोणीतरी इतक्या निगुतीनं कोरून हातात दिला की माणूस विरघळायचा. तो काय उठून जाणार? आता माणूस लाकडी पाय हातात घेतो, उलटापालटा करतो, अरे वा म्हणतो, फोनमध्ये त्याचा फोटो काढतो आणि "कळवतो" म्हणून जातो. फोटो तेवढा जगभर जातो. कळवणं मात्र होत नाही.

मास्तरची बायको दुकानाच्या मागच्या अर्ध्यात शिवणयंत्रावर बुटाचं वरचं चामडं शिवायची. ती या नियमाला घराण्याचा आजार म्हणायची. "लोक आधी भाव ठरवतात, मग काम करतात. तुमच्याकडे आधी काम होतं, मग माणूस पळतो. पाय ठेवून पळतो, हे त्यातल्या त्यात नवल." एकोणचाळीस जोडांना तीनानं गुणलं की किती दिवस होतात ते मास्तरला पाठ होतं.

पण ते एकोणचाळीस तरी एकेकटे, वर्षांच्या अंतरानं गेलेले. या वेळचे बारा एकदम गेले.

झालं होतं असं. पायांच्या आजारांचा एक दवाखाना होता, काचेच्या दारांचा, चार मजली. तिथली मोठी डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आली. फळ्या बघून दचकली, हसली, मग खुर्चीवर बसून म्हणाली की आमच्या पेशंटना बाजारात बूटच मिळत नाहीत, तुम्ही सुरुवातीला बारा जणांचे करा, जमलं तर आमचा प्रत्येक पेशंट तुमच्याकडेच. मास्तरनं बायकोकडे बघितलं. बायकोनं यंत्र थांबवलं होतं. ते यंत्र ती सहसा थांबवत नाही.

मग दोन सकाळी मास्तर दवाखान्यात गेला. पेशंटची नावं बाहेर देता येत नाहीत म्हणून एक ते बारा नंबर ठरले. मास्तर बुटक्या स्टुलावर बसला, समोरच्या खुर्चीत पाय येत गेले. खाकी कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, पाच ठिकाणी मोजपट्टी लावायची, मग डोळे मिटून दोन्ही हातांनी पाय चाचपायचा. पुढचा. बारा माणसं समोर बसून उठून गेली आणि मास्तरनं एकाचंही तोंड बघितलं नाही. नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. पायाच्या कामाला तोंड लागत नाही, असं त्याला वाटायचं. या धंद्यात ही चूक करणारा दुसरा कोणी सापडला नसता.

सहा आठवडे त्यानं फर्मे कोरले. तेवढे दिवस डॉक्टरीणबाई फोनवर असायची. मास्तरनं निरोप टाकला की पाच मिनिटांत उत्तर, शेवटी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र. सुरेख, मास्तर. वाट बघतोय, मास्तर. शेवटचा जोड झाला त्या दिवशी मास्तरनं बाराही जोड जमिनीवर मांडले, स्टुलावर चढून फोटो काढला आणि लिहिलं, तयार आहेत, कधी आणू. निरोपाखाली दोन खुणा उमटल्या. दोन्ही निळ्या झाल्या. म्हणजे बाईनं वाचलं. तिथं सगळं थांबलं.

एक दिवस गेला तेव्हा मास्तर म्हणाला, कामात असतील. चार दिवस गेले तेव्हा म्हणाला, गावाला गेल्या असतील. आठवडा गेला तेव्हा त्यानं फोन केला. वाजून वाजून बंद पडला. दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या फोनवरून केला, तर पहिल्या घंटेला उचलला, आणि मास्तरचा आवाज ऐकल्यावर "ऐकू येत नाहीये, नंतर करते" असं स्वच्छ ऐकू येईल अशा आवाजात सांगून ठेवून दिला.

दुकानाबाहेर पायरीला लागून किल्ल्या करणारा बसायचा. त्याला सगळं माहीत असायचं, कारण मास्तरच्या दुकानाला पुढून भिंत नव्हती, नुसतं शटर. तो म्हणायचा, "मास्तर, धंदा बदला. माझं गिऱ्हाईक बघा. दाराबाहेर उभं असतं, किल्ली आत. कुठं जाणार पळून?" मास्तर म्हणायचा, गप बस. तो म्हणायचा, "मी गप बसतो. पण तुमचं गिऱ्हाईक माझ्याहून गप आहे."

तिसऱ्या आठवड्यात नवरा-बायकोनं मिळून एक निरोप लिहायला घेतला. आधीच्या फोटोची आठवण द्यावी का, यावर पाऊण तास गेला. आठवण दिली तर टोचल्यासारखं होईल, असं मास्तरचं म्हणणं. टोचायलाच हवं, असं बायकोचं. शेवटी "सवडीनं कळवा, घाई नाही" असं लिहून पाठवलं. ते वाचून बायको म्हणाली, घाई नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? घाई होती. यंत्र चालवून चालवून तिच्या उजव्या खांद्यातून कळ मारायला लागली होती आणि ती डाव्या हातानं चमचा धरायची.

घाईचं दुसरं कारण बायकोचा धाकटा भाऊ होता. तो गावाबाहेरच्या मोठ्या बुटांच्या कारखान्यात मुकादम होता. तिथं फर्म्यांच्या खोलीत माणूस हवा होता. प्लास्टिकचे फर्मे, पाच नंबर, सहा नंबर, सात नंबर, हजारोंनी. घासायचे, तपासायचे, मांडायचे. महिन्याचा पगार, रविवारी सुट्टी. त्यानं मालकाला सांगून ती जागा दाजींसाठी धरून ठेवली होती. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मास्तर म्हणाला, कळवतो. दुसऱ्यांदा म्हणाला, दोन दिवसांत कळवतो. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मास्तरनं तो उपडा ठेवला आणि कानस घेतली.

बायकोनं ते बघितलं.

"बाईंचं एकदा कळू दे," मास्तर म्हणाला. "हो असेल तर आपलं दुकान राहतं. नाही असेल तर जातो कारखान्यात. पण कळू तर दे."

"आणि त्याला काय कळू द्यायचं?"

"त्याला सांगीन ना."

"शुक्रवारपर्यंतच जागा आहे. तो तुमचा मेव्हणा आहे, दवाखान्यातली बाई नव्हे. त्याला असं टांगून ठेवता?"

मास्तर म्हणाला, तुला नाही कळायचं. असं ज्याला म्हणावं लागतं त्याला स्वतःलाच चांगलं कळलेलं असतं.

आणखीही एक गोष्ट होती, ती बायकोलाही पुरती माहीत नव्हती. गल्लीच्या टोकाला एक बाई मुलांच्या शिकवण्या घ्यायची. जिन्यावरून पडून तिचा एक पाय इंचभर आखूड झाला होता. डॉक्टरीणबाई आली त्याच आठवड्यात ही शिकवणीवाली बाई दुकानात येऊन म्हणाली होती की मला उंच टाचेचा एक बूट करून द्या, कंबर जाते हो माझी. मास्तरच्या डोक्यात तेव्हा बारा जोड नाचत होते. तो म्हणाला, बघतो, कळवतो. नंतर तिनं दोनदा चिठ्ठी पाठवली. मास्तरनं त्या वाचल्या आणि खिळ्यांच्या डब्याखाली ठेवल्या. तेव्हापासून तो घरी मागच्या बोळातून जायचा. किल्लीवाल्यानं एकदा विचारलंही, मागून का, पुढच्या रस्त्याला काही सांडलंय का?

गुरुवारी सकाळी मास्तर उठला तो ठरवूनच. दोन मोठ्या पिशव्या घेतल्या. एकीत सहा जोड, दुसरीत सहा जोड. चोवीस लाकडी पाय. पिशव्या उचलल्यावर त्याचे स्वतःचे दोन पाय लटपटले. बायको म्हणाली, भांडू नका. तो म्हणाला, भांडायला नाही चाललो, 'नाही' हा शब्द ऐकायला चाललोय. तेवढं ऐकलं की परत येतो.

बसमध्ये समोरच्या बाईनं पिशवीतून बाहेर आलेला अंगठा बघितला आणि जागा बदलली.

दवाखान्यात थंडगार हवा होती आणि साबणाचा वास. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, अपॉइंटमेंट? मास्तर म्हणाला, अकरा आठवड्यांपूर्वी बाई स्वतः आल्या होत्या, ती धरा. मुलीला ते कुठं लिहायचं ते कळेना. तिनं त्याला बसायला सांगितलं. मास्तर बसला. समोरच्या बाकावर सात-आठ माणसं होती. सवयीनं त्याची नजर खाली गेली आणि एका पायावर अडकली. डावा पाय. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं, पायावर पाय टाकून कोणी ऐटीत बसावं तसं. त्या बोटासाठी मास्तरनं एक अख्खी दुपार घातली होती. पायात जुनी चप्पल, बोटाला लागू नये म्हणून पट्टा ब्लेडनं कापलेला.

"तुम्ही सात नंबर," मास्तर म्हणाला.

मग त्यानं वर बघितलं. म्हातारा होता, जाड भुवयांचा, गुळगुळीत दाढी केलेला. हातातली चिठ्ठी बघत तो म्हणाला, "मी चार."

मास्तरनं सांगितलं की आजचा नव्हे, पायाचा नंबर. तुमचं माप मी घेतलं होतं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, जरा मान खाली घाला. मास्तरनं घातली. "हां," म्हातारा म्हणाला. "टक्कल ओळखलं. तोंड कुठं दाखवलं होतंत तेव्हा."

म्हातारा पोस्टमन होता, निवृत्त. पस्तीस वर्षं पायी टपाल वाटलेलं, त्यातच पाय गेले. मास्तरनं विचारलं, बुटाचं काय सांगितलं तुम्हाला? पोस्टमननं जरा इकडं तिकडं बघितलं. म्हणाला, दर वेळी विचारतो. मॅडम म्हणतात, आमच्याकडून सगळं झालंय, बूटवालाच काही कळवत नाही.

मास्तरच्या पिशव्या मांडीवर होत्या. त्या त्यानं खाली ठेवल्या.

"मी तर घरी सांगितलं," पोस्टमन पुढं म्हणाला, "असतात असे लोक. गोड बोलतात, माप घेतात आणि गायब होतात. शिव्या पण घातल्या तुम्हाला. आता समोर आहात म्हणून सांगतो."

मास्तरला हसू आलं, पण ते वर येईपर्यंत कडू झालं. पाच आठवडे तो तिकडं दुकानात दवाखान्याच्या नावानं खडे फोडत होता आणि इथं बारा माणसं बसून त्याच्या नावानं फोडत होती. मधे एक बाई बसलेली, थंड हवेत, दोन्हीकडचा फोन न उचलता. असल्या लोकांची ही रीतच आहे. जीभ दातांना लावायची आणि सोडायची, एवढ्यात 'नाही' हा शब्द होतो. लहान पोरालाही पहिल्यांदा तोच येतो. पण शिकलेल्या, सुगंधी, हसतमुख माणसाला तो जड जातो, कारण त्याला शेवटपर्यंत चांगलं राहायचं असतं. त्याचं चांगुलपण सांभाळायला दुसऱ्यानं वाट बघत कुजायचं.

दीड तासानं आत बोलावलं. मास्तर पिशव्या घेऊनच गेला. डॉक्टरीणबाई उठून उभी राहिली, खुर्ची दिली, पाणी मागवलं, किती दिवसांनी, म्हणाली, जणू मास्तर परगावी गेला होता. तिच्या मागच्या कपाटात खोके रचलेले होते, एकसारखे, चकचकीत, कुठल्याशा कंपनीचे. मऊ पट्टे, तयार, बुटात तळव्याखाली घालायचे. खोक्यांवर तीन रंग होते. लहान, मध्यम, मोठा. मास्तरनं ते बघितले. त्यानं बघितलेलं बाईनं बघितलं. मग दोघांनीही ते बघितलं नाही असं केलं.

बाई बोलायला लागली. विषय वर गेलाय. मंडळी बदलली आहेत. तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, सगळ्यांना फोटो फार आवडले. फोनचं म्हणाल तर हल्ली इतके येतात. ती चांगलं बोलत होती. मास्तरला सगळे शब्द कळत होते आणि एकही हाताला लागत नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "मला एकच शब्द पाहिजे. नाही म्हणा. मी रागवायचा नाही, इथं बसून रडायचा नाही. पिशव्या उचलतो आणि जातो. उद्यापर्यंत मला एका माणसाला उत्तर द्यायचंय. तुमच्या नाहीवर माझं हो अडलंय."

"अहो मास्तर, नाही असं नाही."

"मग हो?"

"हो असंही लगेच नाही ना म्हणता येत. थोडं थांबा. बघू."

"किती थांबू?"

"मी कळवते ना."

पाणी आलं. मास्तरनं ते पिऊन टाकलं, सगळं, एका दमात. राग यायला हवा होता. बाहेर बसला होता तेव्हा होता. आता नुसता थकवा उरला होता, दिवसभर वाकून मान अवघडते तसा, आणि त्या थकव्यात एक गोष्ट स्वच्छ दिसत होती की ही बाई मरेपर्यंत नाही म्हणणार नाही.

"मग मीच म्हणतो," तो म्हणाला. "नाही."

बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे सैल पडले. खरंच पडले, मास्तरनं डोळ्यांनी बघितलं. "म्हणजे तुमच्याकडून नकार आहे," ती म्हणाली. आवाजात हळहळ होती आणि हळहळीच्या खाली सुटका. "तसं लिहून ठेवते हं. म्हणजे नोंद राहील." आणि तिनं समोरच्या यंत्रावर ते टाइप केलं.

करा, मास्तर म्हणाला. उलट नीट लिहा.

बाहेर पोस्टमन अजून होता. मास्तर त्याच्या शेजारी बसला, पिशवीत हात घालून चाचपला, न बघता सात नंबरचा जोड बाहेर काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. पोस्टमननं डावा पाय उचलला. चढलेल्या बोटावरून आपलं हाताचं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग त्यानं विचारलं, बूट कितीला पडेल? मास्तरनं आकडा सांगितला. खरा, न वाढवता, न कमी करता.

"नाही," पोस्टमन म्हणाला. "पेन्शनीत नाही बसत. नाही जमायचं."

एवढंच. बघतो नाही, कळवतो नाही, घरी विचारतो नाही. मास्तरला बुटातला खडा निघाल्यासारखं वाटलं. पाच आठवडे ज्या शब्दासाठी तो झुरला, तो एका पेन्शनरनं बाकावर बसल्या बसल्या देऊन टाकला, तोंड न चुकवता.

"मग हा घेऊन जा," मास्तर म्हणाला.

"फुकट?"

"पाय तुमचाच आहे."

पोस्टमन हसला. म्हणाला, मी करू काय याचं? मास्तर म्हणाला, कधी दुसरा कोणी बूट करणारा स्वस्तात भेटला तर त्याच्या हातात द्या, त्याचे तीन दिवस वाचतील, तितका भाव कमी करून घ्या. उरलेले अकरा जोड त्यानं बाकावर ओळीनं मांडले. काउंटरवरची मुलगी धावत आली की हे इथं ठेवता येणार नाही. मास्तर म्हणाला, नंबर आहेत तळव्यांवर, ज्याचे त्याला द्या. ती म्हणाली, मला मॅडमना विचारावं लागेल. विचारा, मास्तर म्हणाला, आणि मग मला कळवा. मागं पोस्टमन इतक्या जोरात हसला की खोकला लागला.

रस्त्यावर आल्यावर त्यानं मेव्हण्याला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

"दाजी, बोला."

"येतो मी. सोमवारपासून."

पलीकडे यंत्रांचा आवाज होता. मेव्हणा म्हणाला, "तीन आठवडे मालक मला रोज विचारतोय, दाजी. रोज मी सांगतोय, उद्या कळवतात. काल तो म्हणाला, तुझा दाजी आहे तरी का खरोखरचा?" त्याच्या आवाजात चेष्टा होती, पण पुरती नव्हती. मास्तर म्हणाला, चुकलं माझं. मेव्हण्याला असल्या बोलण्याची सवय नव्हती. तो गडबडीनं म्हणाला, या या, सोमवारी या, ताईला सांगा खांद्याला शेक घे म्हणावं.

दुकानात येऊन मास्तरनं बायकोला सांगितलं. तिनं आनंद दाखवला नाही आणि वाईटही वाटू दिलं नाही. फळ्यांकडे बघून म्हणाली, आणि या एकोणचाळीस जणांचं? मास्तर म्हणाला, ते गेलेले आहेत, त्यांना घाई नाही. मग त्यानं खिळ्यांचा डबा उचलला, खालच्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि तिला दिल्या. तिनं वाचल्या. एवढ्या वर्षांत त्याला जे ऐकायला मिळालं नव्हतं ते सगळं तिच्या बघण्यात होतं.

संध्याकाळी तो पुढच्या रस्त्यानं गेला. किल्लीवाला म्हणाला, आज रस्ता साफ झाला वाटतं.

शिकवणीवाल्या बाईच्या घरात चार पोरं पाढे लिहीत होती. तिनं दार उघडलं, मास्तरला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तेच वाईट झालं. ती म्हणाली, या ना, मी आजच म्हणत होते. मास्तर आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला की मी दुकान बंद करतोय, सोमवारपासून कारखान्यात जाणार, तुमचा बूट माझ्याकडून होणार नाही.

बाईनं दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "रविवारी सुट्टी असेल ना? रविवारी रविवारी करा. मला घाई नाही."

घाई नाही. मास्तरच्या जिभेवर शब्द आलाच होता. बघतो. किती सोपा शब्द, किती गुळगुळीत. म्हटला असता तर बाई हसली असती, दोघं चांगली राहिली असती, आणि तो उद्यापासून पुन्हा बोळातून गेला असता. त्याला ठाऊक होतं की उंच टाचेचा बूट रविवारच्या हिशेबात बसत नाही. आठ आठ दिवसांनी चालवून बघावं लागतं, घासावं लागतं, महिनोन् महिने. एक मिलिमीटर चुकला तर कंबर कायमची जाते.

"नाही," तो म्हणाला. "रविवारीही नाही."

आतली पोरं लिहायची थांबली.

"अकरा आठवडे," बाई म्हणाली. "अकरा आठवडे तोंड शिवलं होतं का तुमचं? पलीकडच्या गावात एक माणूस करायचा असे बूट. मी त्याला नको म्हणून सांगितलं, आमच्या गल्लीतच मास्तर आहेत म्हणून. तो आता दुसरीकडे राहायला गेला. तेव्हाच नाही म्हणाला असतात तर माझ्या पायात आज बूट असता. कळतंय का तुम्हाला? हे तीन मजले चढून येते मी रोज. भिंत धरून." मग ती आणखी बरंच बोलली. पोरांसमोर बोलू नये असंही थोडं बोलली. मास्तर ऐकत उभा राहिला. आज सकाळी डॉक्टरीणबाईला जे जे सुनवायचं म्हणून तो बसमध्ये घोकत गेला होता, ते जवळजवळ शब्दाला शब्द तीच त्याला सुनावत होती, आणि जास्त चांगलं. एके ठिकाणी मान खाली घालावीशी वाटली. पण खाली तिचा पाय होता, आणि तिकडं बघायची हिंमत नव्हती. म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

दार आपटलं. आतून ती पोरांना म्हणाली, लिहा, काय बघता.

बायकोनं विचारलं, काय म्हणाली? मास्तर म्हणाला, खरं ते म्हणाली. हातपाय धुऊन तो जेवायला बसला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. त्याची त्याला थोडी लाजही वाटली.

सोमवारी सकाळी तो डबा घेऊन निघाला. पुढच्याच रस्त्यानं. समोरून शिकवणीवाली बाई येत होती, एका हातात पिशवी, दुसरा हात दुकानांच्या भिंतींना लावत. पलीकडचा फुटपाथ रिकामा होता. मास्तर होता तिथूनच चालत राहिला. जवळ आल्यावर त्याची नजर सवयीनं खाली घसरली, आखूड पायाच्या टाचेवर, आणि मनातल्या मनात त्यानं उंची मोजलीसुद्धा. मग त्यानं वर बघितलं. बाई त्याच्याकडेच बघत होती, भरल्या रागानं.

"बस चुकेल तुमची," ती म्हणाली, आणि भिंतीला हात लावत पुढं गेली.